ओटीपोटाचं दुखणं आणि नवऱ्याच्या गोळ्या

गेल्या महिन्यात या सदरात अंगावरून पांढरं जाण्याविषयी लिहिताना क्लॅमिडिया नावाच्या जंतूचा उल्लेख जाता जाता केला होता. लैंगिक संबंधातून पसरतो, बहुतेक बायकांना काहीच जाणवू देत नाही आणि गर्भाशयातून वर चढला तर गर्भनलिका खराब करू शकतो, एवढंच लिहिलं होतं. पत्रं आली ती जवळजवळ सगळी त्यावरच. बऱ्याच पत्रांवर नाव नाही, काहींवर ‘कृपया गावसुद्धा छापू नका’ असं खाली रेघ मारून लिहिलेलं. तसंच करते. सारख्या मजकुराची पत्रं बाजूला ठेवून त्यातली पाच इथे घेतली आहेत. एका पत्राला उत्तर लांबलंय, त्याला इलाज नाही.

प्रश्न : मॅडम, माझं वय २७. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त पुण्याला पाठवलं. रिपोर्टमध्ये ‘क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस आयजीजी पॉझिटिव्ह’ असं आलं. रिपोर्ट दिरांच्या मोबाइलवर आला. त्यांनी गूगलवर बघितलं आणि घरात सांगितलं की हा गुप्तरोग आहे. तेव्हापासून सासूबाई माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. नवरा म्हणतो, मला काही त्रास नाही, म्हणजे हे तुझ्याकडूनच आलं. मी लग्नाआधी किंवा नंतर कोणाशीही संबंध ठेवलेला नाही. मला खरंच हा आजार आहे का? आता मूल होणारच नाही का?
(सातारा जिल्हा)

उत्तर : आधी तो कागद नीट वाचू, कारण तुमच्या घरात तो कोणीच नीट वाचलेला नाही.

आयजीजी म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीज. आज तुमच्या अंगात जंतू आहे की नाही, हे त्यांच्यावरून कळत नाही. पूर्वी कधीतरी शरीराची या जंतूशी गाठ पडली असावी, इतकंच कळतं. औषधाने म्हणा किंवा आपोआप म्हणा, जंतू निघून गेला तरी या अँटीबॉडीज वर्षानुवर्षं रक्तात राहतात. शिवाय क्लॅमिडियाच्या गोतावळ्यात खोकला आणि न्यूमोनिया करणारा एक जंतू आहे. तो आपल्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला आयुष्यात कधी ना कधी येतोच, आणि काही तपासण्यांमध्ये त्याच्या अँटीबॉडीज यात मिसळतात. डोळ्यांच्या खुपऱ्यासुद्धा क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिसच्याच वेगळ्या प्रकारांमुळे होतात. खुपऱ्या लहानपणी एकमेकांच्या हातातून, रुमालातून, माश्यांमधून पसरायच्या. एकेकाळी देशाच्या बऱ्याच भागांत तो घरोघरचा आजार होता. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून तो संपला असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली जाहीर केलं. तर या एका ओळीच्या जोरावर तुमच्या दिरांनी जो निकाल दिला, तो माझ्यासारख्या डॉक्टरलाही देता आला नसता.

आज जंतू आहे का हे बघायचं असेल तर रक्त उपयोगाचं नाही. योनिमार्गातला स्राव कापसाच्या काडीवर घेऊन त्याची पीसीआरसारखी तपासणी करतात, त्यात जंतूची जनुकं शोधली जातात. काडी डॉक्टर घेतात, किंवा समजावून सांगितलं तर बाई स्वतःही घेऊ शकते. निकाल तितकाच चांगला येतो. नवऱ्याची लघवी त्याच तपासणीला पाठवायची. दोघांची, आणि एकाच वेळी. रिपोर्टसाठी लॅबमध्ये मोबाइल नंबर लिहिताना तुमचा स्वतःचा लिहा. दिरांचा नाही.

समजा, तुमची तपासणी पॉझिटिव्ह आली. तरी ‘कोणाकडून’ याचं उत्तर त्यात नसतं. हा जंतू महिनोन्‌महिने, कधीकधी वर्षाहून जास्त काळ, काहीही त्रास न देता राहतो. संसर्ग झालेल्या सुमारे ७० टक्के बायकांना आणि जवळजवळ निम्म्या पुरुषांना काहीच लक्षण नसतं. ‘मला काही त्रास नाही’ या वाक्यातून नवरा निर्दोष ठरत नाही आणि तुम्ही दोषीही ठरत नाही. मी माझ्या ओपीडीत ही चौकशी करतच नाही. जोडप्याला समोर बसवते आणि दोघांच्या हातात चिठ्ठी देते. साधारणपणे डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. दिवस गेलेले असतील किंवा जाण्याची शक्यता असेल तर त्या बाईला डॉक्सीसायक्लिन देत नाही, अझिथ्रोमायसिनचा १ ग्रॅमचा एकच डोस देते. कोर्स संपेपर्यंत, आणि एका डोसचं औषध असेल तर त्यानंतर सात दिवस, संबंध ठेवायचे नाहीत. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करायची. एवढंच. बरा होणारा आजार आहे हा, आणि औषध महागही नाही.

सासूबाईंसाठी : पाणी, ताट-वाटी, अंथरूण, टॉवेल, संडास यांतून हा लागत नाही. हा अंक त्यांच्या हाताला लागेल असा ठेवा.

आता मुलाचं. गर्भनलिका बोटभर लांबीच्या आसपास असतात, दहा-बारा सेंटीमीटर, आणि गर्भाशयाला जिथे चिकटतात तिथे आतली वाट मिलिमीटरभर किंवा त्याहूनही अरुंद. आतल्या अस्तरावर अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. वाऱ्याने भाताचं शेत एका दिशेने लवत जावं तसे ते लवतात आणि बीजाला, गर्भाला गर्भाशयाकडे सरकवतात. क्लॅमिडिया वर चढला की सूज येते. सूज उतरल्यावर हे तंतू काही ठिकाणी परत येत नाहीत, नळीच्या भिंती एकमेकींना चिकटतात, कधी टोकाची झालर मिटून जाते. नळी पूर्ण बंद झाली तर दिवस राहत नाहीत. अर्धवट बिघडली तर त्याहून वाईट होऊ शकतं : गर्भ राहतो, पण नळीतच अडकतो. या सगळ्या वरच्या संसर्गाला पेल्व्हिक इन्फ्लमेटरी डिसीज, डॉक्टरांच्या बोलण्यातलं पीआयडी, म्हणतात. उपचार न केलेल्या क्लॅमिडियापैकी साधारण १० ते १५ टक्के बायकांमध्ये तो तिथवर जातो असं धरलं जातं. म्हणजे बहुसंख्य बायकांत तो वर जातच नाही, हेही ध्यानात घ्या.

स्वीडनमधल्या लुंड शहरात वेस्ट्रॉम नावाच्या डॉक्टरांनी पीआयडी झालेल्या बायकांचा १९६० पासून दोन दशकांहून जास्त काळ पाठपुरावा केला होता. दुर्बिणीतून सूज प्रत्यक्ष पाहून निदान केलेल्या बायका होत्या त्या. एकदा पीआयडी होऊन गेलेल्यांपैकी सुमारे ८ टक्क्यांना नळ्यांमुळे वंध्यत्व आलं, दोनदा झालेल्यांत २० टक्क्यांच्या आसपास, तीन किंवा जास्त वेळा झालेल्यांत ४० टक्के. हे आकडे मी मुद्दाम देते आहे. एका खेपेनंतर ९० टक्क्यांहून जास्त बायकांच्या नळ्या वाचल्या होत्या. घात होतो तो पुन्हापुन्हा होण्याने.

तुमच्या बाबतीत त्या आयजीजीचा एक उपयोग नक्की आहे : नळ्या तपासायला फार उशीर करू नका, असं ते सांगतं. पाळी थांबल्यावर दोन-चार दिवसांत रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढतात. त्याआधी काडीची तपासणी व्हायला हवी, म्हणजे खाली जंतू असेल तर तो पिचकारीसरशी वर ढकलला जाणार नाही. आणि आपल्याकडे नळ्या बंद होण्यामागे क्षयरोगही बऱ्याचदा असतो. घरात कोणाला टीबी झाला होता का, तुमची पाळी अलीकडे फार कमी झाली आहे का, हे डॉक्टरांना सांगा.

एक गोष्ट पत्रात दिसली नाही. चार वर्षांत तुमच्या नवऱ्याची वीर्यतपासणी झाली का? ती सगळ्यात सोपी, सगळ्यात स्वस्त आणि आपल्याकडे हमखास सगळ्यात शेवटी होणारी तपासणी. पुढच्या खेपेला ते बरोबर आले नाहीत तर तुमच्या आणखी तपासण्या करायला मी तरी तयार झाले नसते. घरात त्रास फार वाढला, हात उगारला गेला, तर १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा.

प्रश्न : वय ३३, दोन मुलं, ऑपरेशन केलेलं नाही, तांबी बसवलेली आहे. दोन वर्षांत तिसऱ्यांदा ओटीपोटात खूप दुखतंय. संबंधाच्या वेळी आत दुखतं, कंबर धरते, अंगावरून जातं आणि वास येतो. दर वेळी इंजेक्शन आणि पाच दिवसांच्या गोळ्या मिळतात. आता सोनोग्राफी करून सांगितलं, पिशवीला सूज आहे, मुलं झालीच आहेत तर पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. सोबत सोनोग्राफीची झेरॉक्स जोडली आहे.
(मराठवाडा)

उत्तर : झेरॉक्स बघितली. त्यात इंग्रजीत तीन गोष्टी लिहिल्या आहेत : गर्भाशय ‘बल्की’, गर्भाशयामागे ‘मिनिमल फ्री फ्लुइड’, दोन्ही अंडाशयं नॉर्मल. दोन बाळंतपणं झालेल्या बाईचं गर्भाशय थोडं मोठं असतंच, त्याला रिपोर्टमध्ये बल्की लिहितात. चमचाभर पाणी तर अंडं सुटल्यावर कुठल्याही निरोगी बाईत दिसतं. तांबी जागेवर आहे. गळू नाही, गाठ नाही. या कागदात गर्भाशय काढण्याचं कारण मला सापडलं नाही, आणि पीआयडीचा गर्भाशयाच्या कॅन्सरशी असा संबंधही नाही. त्या भीतीपोटी सही करू नका. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात.

तुमचं दुखणं खोटं आहे असं मात्र अजिबात म्हणत नाही. वर्णन पीआयडीचंच वाटतं. पण पीआयडी सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसतच नाही. ती हाताने कळते. टेबलावर झोपवून, दोन बोटं आत घालून डॉक्टर गर्भाशयाचं तोंड हलकेच हलवून बघतात. त्या क्षणी बाई कळवळली, किंवा गर्भाशयावर, बाजूच्या नळ्यांवर दाबल्यावर दुखलं, तर उपचार सुरू करायला तेवढं पुरेसं असतं. त्यासाठी दहा हजारांच्या तपासण्यांची वाट बघायची नाही. पत्रात तुम्ही इंजेक्शनं, गोळ्या, सोनोग्राफी सगळं लिहिलंय. तिन्ही वेळा मिळून एकदा तरी कोणी आतून तपासलं का? माझा अंदाज, नाही. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि त्याआधी कधीतरी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. इतकी वर्षं गेली, सोनोग्राफी मशीन तालुक्यातालुक्यात पोचलं, तपासणीच्या टेबलावरचा पडदा मात्र अजूनही कित्येक ठिकाणी लागतच नाही. बायकाही ‘मशीनमध्ये बघा’ म्हणतात, तेही खरं.

तपासणीआधी लघवीवर गर्भाची चाचणी करून घ्यायची, तांबी असली तरी. नळीत अडकलेला गर्भ अगदी असाच दुखतो आणि तो चुकला तर जिवावर बेततं.

पीआयडीचा कोर्स पाच दिवसांचा नसतो, चौदा दिवसांचा असतो. सेफ्ट्रियाक्सोनचं एक इंजेक्शन, आणि डॉक्सीसायक्लिन व मेट्रोनिडॅझोल दोन्ही चौदा दिवस, हा आज सगळीकडे रुळलेला उपचार. कारण एकट्या क्लॅमिडियाचं हे काम नसतं. गनोरिया असू शकतो, योनिमार्गातले इतर जंतूही वर गेलेले असतात. दोन दिवसांत दुखणं ओसरतं आणि बायका उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवून देतात, ‘पुढच्या वेळी लागल्या तर’. तसं करू नका. तांबी लगेच काढायची गरज नसते. तांबीमुळे संसर्गाचा धोका वाढतो तो मुख्यतः बसवल्यानंतरचे पहिले तीन आठवडे, तेही खाली जंतू आधीपासून असले तर. तुमची जुनी आहे. औषध सुरू करून दोन-तीन दिवसांनी पुन्हा तपासायचं, फरक नसेल तर ती काढायचा विचार करायचा. ताप १०१ च्या वर, उलट्या, चक्कर, पोट दगडासारखं घट्ट, किंवा दिवस गेलेले असणं, यातलं काहीही असेल तर घरी थांबायचं नाही, भरती व्हायचं.

तिसरी खेप म्हणालात. तिन्ही वेळा गोळ्या कोणी घेतल्या? तुम्ही. नवऱ्याला एकदाही कोणी औषध दिलं नसेल तर तुम्ही दर वेळी बऱ्या झालात आणि दर वेळी नव्याने आजारी पडलात, अशी दाट शक्यता आहे. जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी मेडिकल कॉलेजांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथे ही औषधं रंगीत पाकिटांत फुकट मिळतात. ओटीपोटाच्या दुखण्याचं पाकीट पिवळं, नवऱ्याला द्यायचं करडं. दोन्ही घेऊनच बाहेर पडा. तिथे एचआयव्ही आणि सिफिलिससाठी रक्तही तपासतात, ते करून घ्या.

गर्भाशय काढण्याबद्दल एवढंच : तेहेतिसाव्या वर्षी पिशवी काढली तर अंडाशयं ठेवली तरी बऱ्याच बायकांची पाळी जाण्याची लक्षणं लवकर सुरू होतात, हाडं, अंगाची आग, झोप सगळं त्यात आलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या अशा शस्त्रक्रियांवरून २०१९ साली राज्यभर गदारोळ झाला, सरकारला समिती नेमावी लागली. तेव्हाही बायका हेच सांगत होत्या, पांढरं जायचं, पोट दुखायचं, म्हणून काढली. मला त्या बातम्या वाचून आश्चर्य वाटलं नव्हतं. राग आला होता, तो अजून आहे.

प्रश्न : ताई, मी २० वर्षांची आहे, पुण्यात हॉस्टेलवर राहते. सहा महिन्यांपासून मित्राशी संबंध आहेत. संबंधानंतर दोन-तीनदा रक्ताचे डाग दिसले. एरवी दुखत नाही. मेडिकलमधून आत ठेवायच्या गोळ्या आणल्या, फरक नाही. एका दवाखान्यात गेले तर रिसेप्शनवरच सगळ्यांसमोर ‘लग्न झालंय का’ विचारलं. उठून आले. डॉक्टर घरी कळवतात का?

उत्तर : तू १८ पूर्ण आहेस. तुझ्या परवानगीशिवाय डॉक्टरने घरी काही सांगायचं नसतं. रिसेप्शनवर कोणी काही विचारलं तर ‘डॉक्टरांशीच बोलायचंय’ म्हण आणि बसून राहा. आत गेल्यावर मात्र आडवळणाने सांगू नकोस. ‘पाळी अनियमित आहे’ असं सांगून आलेल्या मुलीला वेगळ्याच गोळ्या मिळतात. ‘माझे संबंध आहेत, संबंधानंतर रक्त दिसतं, क्लॅमिडियाची तपासणी हवी आहे’, हे तीन तुकडे पाठ कर हवं तर.

मेडिकलमधल्या त्या गोळ्या बुरशीवरच्या असतात, क्लॅमिडियाला त्या लागू पडत नाहीत. संबंधानंतर रक्त दिसणं म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाला सूज असू शकते. इतरही कारणं असतात, पण तुझ्या वयात ही शक्यता आधी तपासायची. कोवळ्या वयात गर्भाशयाच्या तोंडाचं आतलं नाजूक अस्तर थोडं बाहेरच्या बाजूला आलेलं असतं आणि क्लॅमिडियाला नेमकं तेच अस्तर लागतं. म्हणून विशीतल्या मुलींना तो जास्त चटकन धरतो. तुझ्या वागण्याशी त्याचा संबंध नाही.

खाजगी डॉक्टर नको असतील तर वर लिहिलेलं सुरक्षा क्लिनिक आहे, तिथल्या समुपदेशकांना असल्या गोष्टी रोज ऐकायची सवय असते. १०९७ वर फोन केलास तर जवळचं ठिकाण सांगतात, नाव सांगावं लागत नाही. सरकारी ठिकाणी काडीची ही तपासणी नसेलही. मग लक्षणं आणि तपासणी बघून औषध देतात, तेही योग्यच आहे. मित्राला बरोबर ने. तो ‘मी कशाला’ म्हणाला तर शेवटच्या पत्राचं उत्तर त्याला पाठव.

आणि इमर्जन्सी गोळीने यातलं काही थांबत नाही. कंडोमने थांबतं. मध्येच कधी ओटीपोटात दुखायला लागलं, ताप आला, किंवा उजव्या बरगडीखाली श्वास घेताना कळ येऊ लागली (संसर्ग कधीकधी यकृताच्या आवरणापर्यंत पोचतो आणि पित्ताशयाचा त्रास समजून उपचार होत राहतात), तर परीक्षा संपायची वाट बघू नकोस. दुखायला लागल्यापासून तीन दिवसांच्या आत उपचार झालेल्या बायकांना पुढे मूल होण्यात अडचणी बऱ्याच कमी येतात, असं अभ्यासात दिसलं आहे.

प्रश्न : आम्ही दोघं सध्या मुलीकडे इंग्लंडमध्ये, लीड्सला आलो आहोत. ती एमएस्सी करते, वय २३. तिच्या नावाने टपालाने एक लहान खोकं आलं, ते टेबलावर उघडं पडलं होतं. आत काडी, नळी आणि माहितीपत्रक, क्लॅमिडियाचं. यांना मी अजून सांगितलेलं नाही. रात्रभर झोप नाही. मुलीला कसं विचारू?

उत्तर : ताई, झोपा आधी.

इंग्लंडमध्ये २००३ पासून सरकारी आरोग्यसेवेतर्फे क्लॅमिडियाची सरसकट तपासणी चालते. वय पंचविशीच्या आत आणि संबंध आहेत, मग वर्षातून एकदा किंवा नवा जोडीदार झाल्यावर तपासा, असा तिथला सल्ला आहे. २०२१ पासून या मोहिमेचा भर मुलींवरच ठेवला आहे, कारण नळ्या खराब होतात त्या मुलींच्या. खोकं घरी येतं, मुलगी स्वतः काडी घेते, टपालात टाकते, मेसेज येतो. तुमच्या मुलीला आजार आहे असं या खोक्यावरून कळत नाही. तिला स्वतःची काळजी घेता येते, हे कळतं. संबंध आहेत की नाहीत हा प्रश्न तुम्हाला छळतोय हे मला समजतं, पण तो वेगळा प्रश्न आहे आणि ती तेवीस वर्षांची आहे.

मला विचाराल तर मला त्या खोक्याचा हेवा वाटला. आपण इथे लक्षणांची वाट बघतो, आणि या जंतूत बहुतेकींना लक्षणंच नसतात. सिएटलमध्ये १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धोका जास्त असलेल्या बायकांना बोलावून क्लॅमिडिया तपासला, तर वर्षभरात त्यांच्यातलं पीआयडीचं प्रमाण न बोलावलेल्यांच्या तुलनेत निम्म्याहून कमी निघालं. नंतरच्या अभ्यासांत फायदा इतका ठळक दिसला नाही, त्यावर तज्ज्ञांची भांडणं चालू आहेत. तरीही कोणी मला दर महिन्याला अशी शंभर खोकी दिली, तर ती वाटायला मुली मला इथे सहज सापडतील.

मुलीला विचारायचं काही नाही. खोकं बंद करून तिच्या टेबलावर ठेवा. ‘यांना’ सांगायची घाई नको.

प्रश्न : पत्नीला पीआयडी म्हणून सरकारी दवाखान्यातून चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिच्याबरोबर माझ्यासाठीही करड्या पाकिटातल्या गोळ्या दिल्या. मला लघवीची जळजळ नाही, पू नाही, काही नाही. कशाला उगाच औषध, म्हणून टाकून दिल्या. आता दोन महिन्यांनी तिला पुन्हा तेच दुखणं. डॉक्टर माझ्यावरच चिडले. माझं चुकलं का?
(सांगली)

उत्तर : हो.

पत्नीच्या चौदा दिवसांच्या गोळ्या, इंजेक्शन, रजा, सगळं त्या एका पाकिटामुळे वाया गेलं असण्याची शक्यता मोठी आहे. त्या पाकिटात अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम असतं. एकदाच घ्यायचं. दोन मिनिटांचं काम. गेल्या दोन महिन्यांत जिच्याशी संबंध आले त्या पत्नीला हा आजार झाला, एवढं कारण तुम्हाला औषध द्यायला पुरेसं आहे; तुमची लक्षणं कोणी विचारलेली नाहीत. संबंध आणखी कोणाशी आले असतील तर त्या व्यक्तीलाही औषध लागेल. ते मला लिहू नका, सुरक्षा क्लिनिकमधल्या समुपदेशकाला खाजगीत सांगा.

या वेळी पत्नीचा कोर्स सुरू होईल त्याच दिवशी तुमचं पाकीट फोडा. तिच्या डॉक्सीसायक्लिनबद्दल दोन सूचना, कारण त्या चिठ्ठीवर लिहिलेल्या नसतात : गोळी भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यायची, घेतल्यावर अर्धा-एक तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत अडकून छातीत आग होते. रक्तवाढीच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर त्या काही तासांच्या अंतराने. एकत्र घेतल्या की डॉक्सीसायक्लिन पोटात नीट शोषलंच जात नाही. आपल्याकडे बायकांना या दोन गोळ्या कायम चालू असतात, म्हणून सांगितलं.

दोघांचं औषध संपून सात दिवस होईपर्यंत संबंध नकोत. ‘कंडोम लावून चालेल का’ असं पुढच्या पत्रात विचाराल, म्हणून आत्ताच सांगते : सात दिवस थांबा.

आणि गोळ्या घेण्याआधी स्वतःची तपासणी करूनच घ्यायची असेल तर जरूर करा, फक्त त्यासाठी औषध लांबवू नका. जाण्याआधी किमान तासभर लघवी करू नका आणि बाटलीत अगदी सुरुवातीची धार घ्या. लघवीच्या कल्चरला मधली धार घेतात, इथे पहिलीच हवी. लॅबवाल्याने मधली सांगितली तर त्याला क्लॅमिडियासाठी आहे म्हणून आठवण करून द्या.